आतील भाग पाहिलेला नाही

इलिनॉय राज्यातल्या शॉमबर्गमध्ये, आमच्या वसाहतीत कोणालाही घराबाहेर काही बांधायचं, लावायचं किंवा रंगवायचं असेल तर घरमालकांच्या असोसिएशनकडे अर्ज करावा लागतो. अर्ज एका पानाचा आहे. काय करायचं आहे, कुठे करायचं आहे आणि कशासाठी, असे तीन रकाने आणि खाली सहीची जागा. असोसिएशनच्या पाच जणांच्या समितीचा मी चार वर्षांपासून सचिव आहे. अर्ज घेणं, बैठकीचं इतिवृत्त लिहिणं आणि काम पुरं झाल्यावर पाहणी करून अहवाल देणं, ही सचिवाची कामं. नागपुरात तीस वर्षं वर्तमानपत्रात काढून मी निवृत्त झालो आणि मुलीच्या जवळ राहायला इथे आलो. ज्यानं आयुष्यभर लिहिलं त्याला लिहायचा कंटाळा येत नसणार, असा समितीचा समज झाला आणि हे काम माझ्याकडे आलं.

आमच्या कुंपणापलीकडे राहणारे गृहस्थ ब्याऐंशी वर्षांचे होते. एकोणिसाव्या वर्षी ते स्वीडनहून आले आणि इथे त्यांनी गवंडीकाम केलं. पुढे हाताखाली माणसं ठेवून दगडी भिंती, पायऱ्या, चुली बांधून दिल्या. आमच्या घरात त्यांना 'स्वीडनवाले' म्हणत. नाव माझ्या पत्नीनं ठेवलेलं. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली. तिची रक्षा एका तपकिरी लाकडी पेटीत, स्वयंपाकघरातल्या कपाटावर, कॉफीच्या डब्यांशेजारी ठेवलेली होती. ही पेटी मी अनेकदा पाहिली आहे.

सप्टेंबरातल्या एका दुपारी त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. गवतात चार खुंट्या ठोकून त्यांना दोरी बांधली होती. त्या दोरीच्या आत त्यांना दगडी थडगं बांधायचं होतं.

थडगं हा शब्द माझा. त्यांचा शब्द स्वीडिश होता, गॉन्गग्रिफ्ट. शिळा उभ्या करून केलेली एक खोली, वर आडव्या शिळांचं छप्पर, छपरावर मातीचा उंचवटा. आत जायला पूर्वेकडून एक बुटकी, लांबट वाट. तिच्यातून रांगतच जावं लागतं. पश्चिम स्वीडनच्या शेतांमध्ये अशी पाच हजार वर्षांपूर्वीची थडगी अजून उभी आहेत आणि शेतकरी त्यांना वळसा घालून नांगरतात, असं त्यांनी सांगितलं. त्यातलं एक त्यांच्या आजोबांच्या शेताच्या बांधाला लागून होतं. सोळा वर्षांचे असताना ते आणि शेजारच्या गावातली एक मुलगी पाऊस चुकवायला त्यात शिरले.

"पाऊस थांबला तरी आम्ही बाहेर आलो नाही," ते म्हणाले. "शेवटी तिचा भाऊ कंदील घेऊन आला."

त्याच मुलीची रक्षा आता कपाटावर होती. आजारपणात तिनं एकच मागणं मागितलं होतं. मला तसल्या जागी ठेव.

"मग तिकडेच का नेत नाही?" मी विचारलं.

"तिथे आता ठेवू देत नाहीत. जागा संरक्षित आहे. आम्हाला पाच हजार वर्षं उशीर झाला."

त्यांचा मुलगा ॲरिझोनात राहत होता आणि वडिलांनी तिकडे यावं म्हणून दर रविवारी फोन करत होता. बायकोला जागा मिळाल्याशिवाय हलायचं नाही, असं यांनी ठरवलं होतं. पुढे स्वतःची रक्षाही तिथेच ठेवायची, तसं मुलाला लिहून दिलं होतं.

मला हे सगळं समजायला वेळ लागला नाही. नागपूरच्या आसपास माळरानावर मोठमोठे गोटे वर्तुळात मांडलेले दिसतात. त्यांच्याखाली मडकी, लोखंडी हत्यारं आणि हाडं निघाली आहेत. तीही थडगीच. जिल्हा वार्ताहर असताना मी अशा एका वर्तुळाची बातमी केली होती. प्लॉट पाडून विकणाऱ्या एका लेआउटवाल्याच्या बुलडोझरनं अर्धं वर्तुळ ढकलून बाजूला केलं होतं. बातमी आतल्या पानावर, तळाशी आली आणि पुढे काही झालं नाही. हे मी स्वीडनवाल्यांना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, गोटे केवढे होते, जमिनीत किती खोल होते, वर्तुळाला कुठल्या दिशेनं तोंड होतं का?

दिशा मी पाहिली नव्हती.

"तू पेपरवाला ना?" ते म्हणाले. "जाऊन आलास आणि बघितलं नाहीस?"

अर्ज मी लिहावा, असं त्यांनी सुचवलं. त्यांचं इंग्रजी दगड मागवण्यापुरतं आहे, असं ते म्हणत. तसं ते नव्हतं. "बागेतलं दगडकाम, एवढंच लिही," असं सांगून त्यांनी कोऱ्या अर्जावर सही केली आणि वर कॉफी दिली. मी दोन तास प्रश्न विचारले आणि टिपणं घेतली. घरी येऊन दीड पानाचं निवेदन तयार केलं. कोण, काय, कुठे, कधी, कसं आणि का. गावाच्या कार्यालयात आणि राज्याच्या एका खात्यात फोन करून, घराच्या आवारात रक्षा ठेवायला मनाई नाही, याचीही खात्री करून घेतली आणि त्याचं एक वाक्य घातलं. तिसऱ्या रकान्यात 'सोबतचं पान पाहा' असं लिहून पान जोडलं.

पत्नीनं विचारलं, "त्यांना वाचून दाखवलं?"

"ज्याच्याविषयी लिहिलं त्याला आधी दाखवत नसतात."

"तुम्ही का पेपर छापून राहिले? शेजारच्या माणसाचा अर्ज आहे तो. काहून असं करता?"

पत्नीचं म्हणणं बरोबर होतं. पण छापण्याआधी मजकूर ज्याचा त्याला दाखवायचा नाही, हा नियम मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो आणि नंतर दोन पिढ्यांच्या वार्ताहरांना शिकवला. दाखवलं की माणूस खरं तेवढं काढून टाकायला सांगतो. स्वीडनवाल्यांनी तेच सांगितलं असतं. तो त्यांचा हक्क होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

ऑक्टोबरची बैठक क्लबहाउसमध्ये झाली. अध्यक्ष पुण्याचे, पंचेचाळिशीतले, विमा कंपनीत संगणकाचं काम करणारे. मला काका म्हणतात. त्या दिवशीच्या पहिल्या तीन अर्जांना मिळून बारा मिनिटं लागली. चौथ्या अर्जाला एक तास लागला. दीड पानाच्या प्रती सगळ्यांना वाटल्या होत्या. एक प्रत अर्जदारालाही मिळाली. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही पानं वाचली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि चष्मा उतरवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

समितीत घरविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी विचारलं, "हे घर उद्या विकायला निघालं तर येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी काय सांगू? मागे अंगण आहे आणि अंगणात मालकीणबाई आहेत?"

कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी अर्जदाराला विचारलं की, या पानात लिहिलेलं सगळं बरोबर आहे का?

"बरोबर आहे," ते म्हणाले. "काहीच राहिलेलं नाही."

निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. बाहेर गाड्यांपाशी अध्यक्षांनी मला गाठलं.

"काका, तुम्ही मारलंत ते ॲप्लिकेशन. 'स्टोन गार्डन फीचर' एवढं लिहिलं असतं ना, मी दोन मिनिटांत अप्रूव्ह केलं असतं."

"ते खरं झालं नसतं."

"का नाही? स्टोन आहे, गार्डनमध्ये आहे. बाकीचं कोणी विचारलं होतं?"

"तिसरा रकाना तेच विचारतो."

"काका, त्या रकान्यात लोक 'एन्जॉयमेंट' लिहितात!"

यानंतर सहा महिने गेले. त्यांचा तपशील इतिवृत्तात आहे आणि तो लिहिताना मला जितका वैताग आला तितका वर्तमानपत्रात कधी आला नव्हता. नोव्हेंबरात वकिलाचं मत घ्यायचं ठरलं. डिसेंबरात वकिलाचं मत आलं नव्हतं. जानेवारीत आलं. कायद्याची आडकाठी नाही, मात्र समितीनं आपल्या अधिकारात ठरवावं, असं त्यात होतं. ऑक्टोबरात आम्ही नेमके तिथेच होतो. फेब्रुवारीची बैठक बर्फामुळे रद्द झाली. मार्चमध्ये त्या बाई प्रवासात होत्या आणि त्यांच्याशिवाय मत घेणं बरं दिसणार नाही, असं बाकीच्यांचं म्हणणं पडलं. दर बैठकीला स्वीडनवाले स्वच्छ शर्ट घालून येत, शेवटच्या ओळीत बसत आणि ठराव पुढे ढकलला की उठून जात. मी दर वेळी लिहीत होतो: अर्जदार उपस्थित. अर्जदारानं काही सांगितलं नाही.

कुंपणापाशी ते अजून बोलत, पण बर्फाविषयी. अर्जाचा विषय मी दोनदा काढला. पहिल्यांदा मी म्हणालो, "मला वाटलं होतं, कारण कळलं की लोक समजून घेतील."

ते फावड्यावर हात ठेवून उभे राहिले. "तू फार नीट लिहिलं होतंस," ते म्हणाले. "माझ्या बायकोनंसुद्धा एवढं नीट सांगितलं नव्हतं."

ही तारीफ आहे की टोमणा, हे मी विचारलं नाही. दुसऱ्यांदा मी विषय काढला तेव्हा ते कचऱ्याचा डबा घेऊन आत गेले.

एप्रिलमध्ये मंजुरी मिळाली, सशर्त. उंची, रुंदी, कुंपणापासूनचं अंतर, आणि शेवटची अट अशी की रचनेत मानवी अवशेष ठेवले जाणार नाहीत. अटींच्या कागदावर त्यांची सही घ्यायला मीच गेलो. या वेळी सही करण्याआधी त्यांनी चष्मा लावला. शेवटचं कलम दोनदा वाचलं, बोट ठेवून. कपाटावरची पेटी होती तिथेच होती. मी म्हणालो की, सही करायची घाई नाही, पुन्हा अर्ज करता येईल.

"मी ब्याऐंशी वर्षांचा आहे," ते म्हणाले आणि सही केली.

मग त्यांनी बांधायला घेतलं. इलिनॉयची जमीन सपाट आहे, पण शेतांतून मोठे गोल धोंडे निघतात. हजारो वर्षांपूर्वी बर्फानं उत्तरेकडून ढकलत आणलेले. "यांचा माझ्यापेक्षा जास्त प्रवास झालाय," असं ते म्हणायचे. छपरासाठी सपाट शिळा त्यांनी खाणीवर जाऊन निवडल्या. भाड्यानं एक छोटं यंत्र आणलं आणि त्यांच्याबरोबर पूर्वी काम केलेले दोघे, तेही सत्तरीचे, दर शनिवारी येऊ लागले. सात आठवड्यांत काम झालं. माझ्या खिडकीतून पाठीमागची बाजू दिसे. गवत लावलेला एक उंचवटा, खांद्यापर्यंत येईल एवढा, एखादी मोठी बुट्टी पालथी घालावी तसा. तोंड पलीकडे, पूर्वेला होतं.

सही करूनही ते पेटी आत ठेवणार, याविषयी मला शंका नव्हती. पत्नीलाही नव्हती. "ठेवू दे ना बाप्पा," ती म्हणाली. "कोणाचं काय जाते?" नाहीतर ब्याऐंशीव्या वर्षी सात आठवडे धोंडे कशाला उचलायचे? मला त्यांना ते करू द्यायचं होतं. एकदा जास्त लिहून मी त्यांचं काम बिघडवलं होतं. या वेळी कमी लिहायचं, असं मी ठरवलं.

पाहणी जुलैत झाली. दुपारी दमट उकाडा होता आणि डास होते. माझ्याकडे मोजपट्टी, अटींचा कागद आणि टॉर्च होता. स्वीडनवाले स्वच्छ शर्टात उभे होते. मी बाहेरची मापं घेतली. सगळी अटींप्रमाणे होती, इंचासकट. पूर्वेच्या बाजूला वाटेचं तोंड होतं, दोन्हीकडे दोन उभे दगड, वर एक आडवा. आतली जमीन झाडलेली दिसली. तोंडाशी, गवतावर, एक हिरवी उशी ठेवलेली होती. बागेत काम करताना बायका गुडघ्यांखाली घेतात तशी, वापरून मध्ये दबलेली.

"आत बघायचंय ना?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "माझे गुडघे दुखतात."

त्यांनी माझ्या हातातल्या टॉर्चकडे पाहिलं. मग वाकून उशी उचलली, तिच्यावरचं गवत झटकलं आणि ती काखेत धरून उभे राहिले. कॉफीचं काही बोलले नाहीत. मी घरी येऊन अहवाल लिहिला. बाहेरील मापं मंजुरीप्रमाणे. बांधकाम भक्कम. आतील भाग पाहिलेला नाही.

हे शेवटचं वाक्य लिहिल्यावर मला बरं वाटलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं आणि कोणाचं काही उघडंही पडत नव्हतं. जे पाहिलं नाही ते पाहिलं असं म्हणायचं नाही, हाही नोकरीतलाच नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा फोन आला.

"काका, 'आतील भाग पाहिलेला नाही' म्हणजे काय?"

"म्हणजे पाहिलेला नाही."

"अहो, पण ती एकच गोष्ट तर बघायची होती! हाइट कोणाला पडलीय? आता सगळे म्हणतायत, सेक्रेटरी शेजारी राहतो, त्याला माहितीय, म्हणून त्यानं बघितलं नाही. म्हणजे आत नक्की आहे. तुम्ही काही लिहिलंच नसतं तरी चाललं असतं, काका."

"माझे गुडघे दुखतात."

"काका, तुम्ही रोज टेनिस खेळता."

पुन्हा पाहणी करायचं ठरलं. त्या शनिवारी अध्यक्ष आणि घरविक्रीवाल्या बाई आल्या. सचिव म्हणून मलाही जावं लागलं. स्वीडनवाले मागच्या पायरीवर उभे होते. उशी कुठे दिसली नाही. अध्यक्षांनी पँटचे पाय गुडघ्यापर्यंत वर घेतले, मोबाइलचा दिवा लावला आणि हातापायांवर आत गेले. थोडा वेळ त्यांचे बूट तेवढे दिसत होते, मग तेही दिसेनात. बाईंनी वाकून आवाज दिला, काही आहे का? आतून आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. अध्यक्ष उलटे सरकत बाहेर आले. शर्टाला माती लागली होती.

"एम्प्टी आहे," ते मला मराठीत म्हणाले आणि मग सगळ्यांसाठी इंग्रजीत. "काहीच नाही. एक छोटा कट्टा आहे मागे, दगडी. त्याच्यावर काही नाही." थोडं थांबून हळू आवाजात मला म्हणाले, "काका, काय बांधलंय पण! तुम्ही बघायला हवं होतं."

बाईंनाही आत डोकवायचं होतं. त्या चप्पल काढून अर्ध्या आत गेल्या, एक फोटो काढला आणि बाहेर येऊन स्वीडनवाल्यांना म्हणाल्या की, खूप सुंदर आहे, त्रास दिल्याबद्दल माफ करा. त्यांनी मान हलवली. दोघंही गेले.

मी थांबलो. माफी कुठून सुरू करावी हे सुचत नव्हतं.

"त्या दिवशी तू बघितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"मला वाटलं, पेटी आत असेल. बघितली असती तर लिहावी लागली असती."

ते पायरीवर बसले. समोरच्या उंचवट्यावर गवताला अजून मुळं धरायची होती, त्यावर पाण्याची नळी पडलेली होती.

"मी सही केली होती," ते म्हणाले. "तुझ्यासमोर केली होती. वाचून केली होती. सही करून मी खोटा वागेन, असं तुला वाटलं?"

मी नळी उचलून बाजूला ठेवली.

"मला माहीत होतं ती आत जाणार नाही. तरी म्हटलं बांधावं. तिनं मागितलं होतं. आणि म्हटलं, कोणीतरी एकानं आत जाऊन बघावं. तिच्याविषयी ज्याला सगळं सांगितलं होतं त्यानं."

"आता बघू का?"

"अहवाल गेला ना?"

"आज जाईल."

"मग आता कशाला?"

ते आत गेले. जाळीचं दार त्यांच्यामागे लागलं. घरी येऊन मी दुसरा अहवाल लिहिला. आतील भाग अध्यक्षांनी पाहिला, रिकामा आहे. हेच वाक्य मी आठवड्यापूर्वी स्वतःच्या नावावर लिहू शकलो असतो.

त्यानंतर कुंपणापाशी बोलणं झालं नाही. सप्टेंबरात त्यांचा मुलगा आला. दोन दिवस सामान बांधणं चाललं. निघताना स्वीडनवाले आमच्या दाराशी आले, पत्नीच्या हातात टोमॅटोची टोपली दिली, तिच्याशी चार शब्द बोलले आणि मला हात दाखवून गाडीत बसले. पेटी त्यांच्या मांडीवर होती.

घर विकायला काढलं आहे. विक्रीचं काम त्याच बाईंकडे आहे. त्यांनी छापलेलं पत्रक आमच्याही टपालपेटीत पडलं. खोल्या, तळघर, नवं छप्पर, आणि मग एक ओळ: मागील अंगणात दगडी शोभेची रचना, हातानं बांधलेली. स्वीडनवाल्यांनी मला जे लिहायला सांगितलं होतं, ते जवळपास तेच.

त्याखाली मापं दिली आहेत. बाहेरची मापं मी घेतलेली, ती बरोबर आहेत. आतली उंची चार फूट लिहिली आहे. ती बरोबर आहे की नाही, हे मला सांगता येत नाही.